स्टार्टअपला परत परत येणारे ब्राउझरचे आयकॉन: उडवण्याआधी पत्ता वाचा

काल डिलीट केलेला ब्राउझरचा आयकॉन आज कॉम्प्युटर चालू केला की पुन्हा डेस्कटॉपवर हजर. गोव्यात डिचोली, साखळी, वाळपई या बाजूला देवस्थानच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या लॅबमध्ये ही तक्रार सारखी कानावर येते, आणि बहुतेक वेळा ती कोकणीतच येते: "तो परत आयलो मरे!" सांगणाऱ्याने तोवर तो आयकॉन अनेकदा उडवलेला असतो, रिसायकल बिन रिकामी केलेली असते, कुणीतरी सुचवलेला एक फुकटचा 'क्लीनर'ही टाकून झालेला असतो. हा क्लीनर स्वतःचा आयकॉन घेऊन येतो ते वेगळंच.

डेस्कटॉपवरचा आयकॉन म्हणजे ब्राउझर नव्हे. ती शॉर्टकटची फाइल असते, जेमतेम दोन-तीन केबीची. अमुक फोल्डरातला अमुक प्रोग्राम चालू कर, एवढाच निरोप तिच्यात असतो. ती उडवल्याने प्रोग्राम जात नाही आणि ती फाइल तिथे ठेवणाराही जात नाही. वाळवीची माती खरवडली आणि वारूळ तसंच ठेवलं तर पुढे काय होतं, हे जुन्या कौलारू घरात राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा आयकॉन कसा उडवायचा हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तो ठेवतंय कोण, हे शोधायचं आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर त्या आयकॉनच्याच पोटात असतं.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. मेनूतली नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात.

आधी तक्रार नेमकी कुठली ते ठरवा

"ब्राउझरचा आयकॉन आपोआप येतो" या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. कुणाच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट पुन्हा बनतो. कुणाच्या मशीनवर ब्राउझरची अख्खी खिडकी उघडते, एखादं पान घेऊन. कुणाला खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, चिमुकला आयकॉन दिसतो किंवा तिथून जाहिराती डोकावतात. आणि कुणाच्या टास्कबारवर नको असलेला ब्राउझर पिन होऊन बसलेला असतो. या शेवटच्यावर राइट क्लिक करून अनपिन करा, विषय बहुधा तिथेच संपतो. बाकीच्या तिघांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. फोनवर विचारणाऱ्याला मी आधी स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगतो, कारण "आयकॉन" म्हणजे त्याला काय म्हणायचं आहे ते फोटोशिवाय कळत नाही.

डेस्कटॉपवरचा आयकॉन: पोट उघडून बघा

परत आलेला आयकॉन लगेच उडवू नका. त्याच्यावर एकदाच क्लिक करा आणि ऑल्ट दाबून धरून एंटर मारा. प्रॉपर्टीजची खिडकी उघडेल. तिच्यात तीन गोष्टी वाचायच्या, आणि जमलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

पहिली, जनरल टॅबमधलं लोकेशन. आपल्याला डेस्कटॉप एक दिसतो, पण प्रत्यक्षात विंडोज दोन फोल्डर एकावर एक ठेवून दाखवत असतो. एक तुमचा स्वतःचा: सी ड्राइव्हवर यूजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप. दुसरा सगळ्यांचा: यूजर्स, पब्लिक, डेस्कटॉप. आयकॉन पब्लिकमध्ये असेल तर तो ठेवणाऱ्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत. एखादा इन्स्टॉलर किंवा ब्राउझरचा स्वतःचा अपडेटर. असा आयकॉन उडवताना विंडोज परवानगी मागतो, ही त्याची खूण. तुमच्या फोल्डरात असेल तर तो बहुधा तुमच्याच लॉगिनखाली चालणाऱ्या कुणीतरी ठेवला आहे. आणि मार्गात मध्येच वनड्राइव्हचं नाव दिसलं तर प्रकरण तिसरंच आहे. ते पुढे येतं.

दुसरी, तिथेच खाली 'क्रिएटेड'ची तारीख आणि वेळ. ती आज सकाळी मशीन चालू केल्यानंतरची एक-दोन मिनिटांतली असेल, तर स्टार्टअपला चालणारं काहीतरी हा शॉर्टकट ताजा बनवतं आहे. वेळ दुपारची, काम चालू असतानाची असेल तर अपडेटरवर संशय घ्या. आणि तारीख चांगली सहा महिने जुनी असेल, तुम्ही कालच उडवलेला असूनही, तर फाइल नवी बनलेलीच नाही. कुणीतरी अख्खं मशीनच मागच्या स्थितीला नेतं आहे. लॅबवाल्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

तिसरी आणि सगळ्यांत बोलकी, शॉर्टकट टॅबमधली टार्गेटची ओळ. सरळमार्गी क्रोमचं टार्गेट प्रोग्राम फाइल्स, गूगल, क्रोम, ॲप्लिकेशन अशा वाटेने जातं आणि 'क्रोम डॉट ईएक्सई'वर संपतं. एजचं प्रोग्राम फाइल्स एक्स ८६ मधल्या मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातून जातं. फायरफॉक्सचं मोझिलाच्या फोल्डरातून. वाट याहून वेगळी असेल, विशेषतः तुमच्या नावाखालच्या ॲपडेटा, लोकल या फोल्डरातून जात असेल, तर थांबून बघा. या फोल्डरात काहीही टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणून आगंतुक मंडळी इथे मुक्काम करतात. अर्थात काही प्रामाणिक ब्राउझरही इथेच बसतात, त्यामुळे नुसता मार्ग बघून फाशी देऊ नका. नाव ओळखीचं नाही, कधी टाकल्याचं आठवत नाही आणि मार्ग ॲपडेटाचा, असं तिन्ही जुळलं की मात्र खुशाल हकालपट्टी करा.

टार्गेटची ओळ शेवटपर्यंत वाचा. चौकट छोटी असते, ओळ लांब असते. आत क्लिक करून एंड दाबा म्हणजे शेपूट दिसतं. 'ईएक्सई' आणि त्यानंतरचं अवतरणचिन्ह संपल्यावर पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर ब्राउझर खरा आणि शॉर्टकट बाटलेला आहे. रोज क्रोम उघडलं की कुठलंतरी अनोळखी सर्चचं पान येतं, त्याचं हे एक नेहमीचं कारण. अवतरणचिन्हानंतरचा तो पत्ता खोडा, अप्लाय करा. टास्कबार आणि स्टार्ट मेनूतले शॉर्टकट वेगळे असतात, तेही बघा. शेपटीला दोन रेघा आणि 'प्रोफाइल डिरेक्टरी' असं काही असेल तर ते क्रोमचंच आहे, कोणत्या प्रोफाइलने उघडायचं ते सांगणारं. 'ॲप आयडी' असेल तर तो ब्राउझर नसून एखाद्या साइटचं 'इन्स्टॉल' केलेलं वेब ॲप आहे. ॲड्रेसबारमधल्या इन्स्टॉलच्या खुणेवर कुणाचंतरी बोट पडलेलं असतं. क्रोममध्ये ॲपचं पान उघडून ते काढता येतं, आणि लॉगिनला आपोआप सुरू होण्याची खूणही तिथेच बंद करता येते.

एवढं वाचूनही उलगडा होत नसेल तर एक साधी परीक्षा आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन मशीनवर एक नवं लोकल यूजर खातं बनवा, त्यात लॉगिन करा. तिथेही तोच आयकॉन आला तर ठेवणारा सगळ्या मशीनसाठी बसलेला आहे. नाही आला तर तो तुमच्या खात्यापुरता आहे, आणि शोधायची जागा निम्म्यावर आली. काम झालं की ते खातं काढून टाका.

येतो कुठून: फॉण्ट आणि कन्व्हर्टर

मराठीत काम करणाऱ्यांच्या मशीनवर या पाहुण्यांची एक ठराविक वाट आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. चतुर्थी जवळ आली की आरत्यांची पुस्तिका, भजनी स्पर्धेची पत्रकं, जत्रेची पत्रिका अशी कामं सुरू होतात. मागच्या वर्षीची फाइल उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा भाजीपाला दिसतो, कारण ती जुन्या, युनिकोड (सगळ्या मशिनींवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेली पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेली असते. मग कुणीतरी 'मराठी फॉण्ट फ्री डाउनलोड' असं शोधतो. उघडलेल्या पानावर हिरवी, निळी अशी 'डाउनलोड'ची तीन-चार बटणं असतात, आणि त्यांतलं सगळ्यांत मोठं बटण हमखास जाहिरातीचं असतं. फॉण्ट हवा होता, हातात येतो एक ईएक्सई.

हा धडा कायमचा पाठ करावा असा आहे: फॉण्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, फार तर झिपमध्ये गुंडाळलेली. फॉण्टसाठी 'डाउनलोड मॅनेजर' लागत नाही. ईएक्सई आली तर ती न उघडता डिलीट करा.

उघडलीच, तर पुढची मांडणी ठरलेली. पहिल्या पानावर 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय. एक्स्प्रेसपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं आणि तेच आधीपासून निवडलेलं. कस्टम इतकं फिकट करड्या रंगात की ते बंद आहे असं वाटावं. ते बंद नसतं, क्लिक होतं. त्याच्या आत तीन-चार खुणा आधीच केलेल्या सापडतात: अमुक ब्राउझर टाका, तो डीफॉल्ट करा, डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवा, मशीन सुरू होताना चालू करा. पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ उतरवून घेणारे प्रोग्राम, जुन्या प्रिंटरचे 'ड्रायव्हर शोधून देणारे' यांचीही हीच रीत. झेरॉक्सच्या दुकानात तर दिवसभर लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात, कुणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा हवा, कुणाला गृह आधार योजनेचा फॉर्म, पीडीएफचं वजन कमी करायची घाई, आणि घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' होतं. दोष दुकानदाराचा नाही म्हणत मी, पण तो एक्स्प्रेस पर्याय त्याच्यासाठीच बनवलेला असतो.

यातले बरेचसे आगंतुक ब्राउझर क्रोमियमवर बेतलेले असतात. क्रोमियम हा २००८ पासूनचा उघडा प्रकल्प आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे त्याच्यावरच उभे आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण सोर्स कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे कुणीही त्याचा स्वतःचा ब्राउझर बनवू शकतो, आयकॉन क्रोमसारखा गोल-रंगीत ठेवू शकतो आणि त्यात स्वतःचं सर्च इंजिन कोंबू शकतो. म्हणूनच चेहरा बघून ओळखायच्या भानगडीत पडू नका, टार्गेट वाचा.

एजचा आयकॉन

नवा, क्रोमियमवरचा एज १५ जानेवारी २०२० ला बाहेर आला आणि पुढे विंडोज अपडेटमधून सगळ्या मशिनींवर पोचला. मोठ्या अपडेटनंतर त्याचा शॉर्टकट पब्लिक डेस्कटॉपवर पुन्हा दिसू शकतो. हा व्हायरस नव्हे. महिन्या-दोन महिन्यांनी येत असेल आणि तुम्हाला एवढा खुपत नसेल, तर उडवा आणि कामाला लागा. मी स्वतः एवढ्यासाठी रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्याला, हात लावत नाही.

पंधरा-वीस मशिनींचं ऑफिस सांभाळणाऱ्याला मात्र एज अपडेटच्या ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशिनींना एकत्र लावायच्या नियमांत) डेस्कटॉप शॉर्टकट न बनवण्याचा पर्याय मिळतो, 'क्रिएट डेस्कटॉप शॉर्टकट डीफॉल्ट' या नावाचा. तो बंद करून सगळ्यांना लावता येतो.

"एज काढूनच टाका ना" असं बरेच जण म्हणतात. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्यामुळे २०२४ पासून तो विंडोजमधून रीतसर काढता येतो. आपल्याकडे ते बटण नाही. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवाले खूप, पण इथे पासपोर्ट चालत नाही. विंडोज बसवताना कोणता प्रदेश निवडला होता तेवढंच मशीन बघतं. जबरदस्तीने काढायच्या स्क्रिप्ट मिळतात, त्या वापरू नका. पुढच्या अपडेटला तो परत येतो आणि मध्ये काहीतरी मोडून ठेवतो.

जुना निळा 'ई' अजून कुणी जपून ठेवला असेल तर तोही काढायला हरकत नाही. विंडोज १० वरचा इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. आता त्याच्यावर क्लिक केलं की एजच उघडतो.

वनड्राइव्ह आणि 'कॉपी'चे आयकॉन

लोकेशनमध्ये वनड्राइव्ह दिसलं असेल तर तुमचा डेस्कटॉप क्लाउडवर जातो आहे. ऑफिसच्या आणि घरच्या दोन्ही मशीनवर एकच खातं असेल, तर एका ठिकाणचे शॉर्टकट दुसऱ्या ठिकाणी उतरतात. ओळखायची खूण म्हणजे नावापुढे 'कॉपी' लावलेले जुळे आयकॉन, किंवा पांढऱ्या कोऱ्या कागदासारखा दिसणारा आयकॉन. कोरा अशासाठी की शॉर्टकट आला, पण तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तो ब्राउझर या मशीनवर नाहीच.

घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करा, सेटिंग्जमध्ये सिंक आणि बॅकअप, मग मॅनेज बॅकअप, आणि तिथे डेस्कटॉपचा बॅकअप थांबवा. थांबवल्यावर डेस्कटॉप एकदम मोकळा दिसू शकतो आणि लोकांच्या पोटात गोळा येतो. फाइली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या डेस्कटॉपमध्ये पडून असतात. तिथून हव्या त्या उचलून आणा.

शाळेच्या लॅबमध्ये

काही उडवलं, काही टाकलं, मशीन रिस्टार्ट केलं की सगळं जैसे थे. असं होत असेल आणि 'क्रिएटेड'ची तारीख जुनी असेल तर मशीनवर डीप फ्रीझसारखं काहीतरी बसवलेलं आहे. मुलांनी दिवसभर काय वाटेल ते केलं तरी दुसऱ्या दिवशी लॅब ताजी, अशी ती सोय आहे आणि ती चांगली आहे. अडचण एवढीच की ज्या दिवशी मशीन गोठवलं त्या दिवशी तो आयकॉन तिथे होता, म्हणून तोही गोठला. आता मशीन वितळवल्याशिवाय काहीही टिकणार नाही. घड्याळाजवळचं त्याचं चिन्ह शिफ्ट दाबून डबल क्लिक केलं की पासवर्ड विचारतं. तो ज्याने लॅब लावली त्याच्याकडे असतो. बहुतेक शाळांत खरी शोधाशोध तिथेच लागते. पासवर्ड मिळाला की 'थॉड' (वितळलेलं) करून रिस्टार्ट, साफसफाई, पुन्हा रिस्टार्ट करून खात्री, आणि मगच परत गोठवायचं.

आयकॉन नाही, खिडकीच उघडते

इथे कोणतं पान उघडतं ते महत्त्वाचं.

काल संध्याकाळी तुम्ही जी पानं उघडी ठेवली होती तीच आली, तर मशीन आज्ञाधारक आहे. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे 'रिस्टार्टेबल ॲप्स' आपोआप जतन करून लॉगिननंतर उघडण्याचा पर्याय आहे. तो बंद करा.

एमएसएनचं पान उघडत असेल तर आधी नेटकडे बघा. विंडोज नेटला जोडला गेला की मायक्रोसॉफ्टच्या 'कनेक्ट टेस्ट' नावाच्या एका पत्त्यावर जाऊन एक ठराविक ओळ मिळते का ते तपासतो. तुमच्या केबलवाल्याचं नेट लॉगिनचं पान पुढे करत असेल, किंवा लाइन बंद असताना राउटर स्वतःचंच पान दाखवत असेल, तर विंडोजला वाटतं की इथे सही केल्याशिवाय नेट मिळणार नाही, आणि तो तुमच्यासाठी ब्राउझर उघडतो. हॉटेलच्या वायफायवर हे सोयीचं आहे, घरात वैताग. पावसाळ्यात लाईट येते-जाते, राउटर आणि कॉम्प्युटर एकाच वेळी उठतात, तेव्हा हे जास्त दिसतं. राउटर आधी चालू करून त्याचा इंटरनेटचा दिवा स्थिर झाल्यावर कॉम्प्युटर चालू करा. खिडकी आली नाही तर निदान झालं. ही तपासणी रजिस्ट्रीतून बंद करायचे सल्ले सापडतात, करू नका. मग नेट चालू असूनही विंडोज 'नो इंटरनेट' म्हणत बसतो आणि काही प्रोग्राम रुसतात.

उघडणारं पान जाहिरातीचं, सट्ट्याचं किंवा अनोळखी सर्चचं असेल तर मात्र कुणीतरी आत बसलं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल; त्यात स्टार्टअप ॲप्स. तिथे क्रोम किंवा एजच्या नावाची नोंद दिसली की लोक लगेच तिच्यावर तुटून पडतात. ती नोंद सहसा निरुपद्रवी असते: ब्राउझर पटकन उघडावा म्हणून मागे तयार ठेवणारी, खिडकी न उघडणारी. नको असेल तर एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आणि क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये बंद केल्यावरही मागे चालू राहण्याचा पर्याय बंद करा. घड्याळाजवळचा क्रोमचा चिमुकला आयकॉनही त्यानेच जातो.

खरा गुन्हेगार या यादीत अनेकदा नसतोच. तो टास्क शेड्यूलरमध्ये असतो. स्टार्ट मेनूत ते नाव शोधून उघडा, डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररी. मधल्या यादीत एकेका ओळीवर क्लिक करत खालचे ट्रिगर्स आणि ॲक्शन्स हे टॅब बघा. ट्रिगर 'ॲट लॉग ऑन' आणि ॲक्शनमध्ये 'सीएमडी' किंवा 'एक्स्प्लोरर', आणि त्याच्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता, असं दिसलं की सापडला. नाव तो बहुधा 'अपडेट'सारखं भारदस्त लावून बसतो. आधी डिसेबल करा, एक-दोन दिवस बघा, मग डिलीट.

कोपऱ्यातल्या जाहिराती

"युवर पीसी इज इन्फेक्टेड" असं खाली उजवीकडे, शेजारी क्रोमचा आयकॉन. वडीलधाऱ्यांच्या मशीनवर हे फार. हा प्रोग्राम नसतो; कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली होती आणि 'अलाऊ' दाबलं गेलं, एवढंच. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत ओळखीचं नसेल ते सगळं काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यासाठी फोनवरून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

साफ करताना क्रम चुकवू नका

लोक शॉर्टकटपासून सुरुवात करतात आणि प्रोग्रामवर संपवतात. उलट करा. आधी सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, यादी इन्स्टॉलच्या तारखेने लावा. आगंतुक ब्राउझर ज्या दिवशी आला त्याच दिवशी आणखी कोण आलं ते बघा. ही मंडळी टोळीने येतात. टोळीतला एक जरी राहिला तर बाकीच्यांना परत बोलावून घेतो. अनइन्स्टॉल करताना "का सोडून जाता" छापाची पानं येतील, त्यात 'कीप'चं बटण मोठं आणि काढण्याचं बारीक असतं. वाचून दाबा.

मग ॲडक्लीनर चालवा. तो इन्स्टॉल करावा लागत नाही आणि याच जातीच्या गोष्टींसाठी बनवलेला आहे. मालवेअरबाइट्सच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, नाहीतर क्लीनरच्या नावाखाली पुन्हा तीच हिरवी बटणं. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, आणि तिथे 'पोटेन्शियली अनवॉण्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे का बघा. विंडोज १० च्या २०२० मधल्या मे अपडेटपासून हा पर्याय तिथे आहे, पण जुन्या मशीनवर बंद सापडतो. डाउनलोड अडवण्याची खूणही करा. क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल वापरा असा जुना सल्ला कुणी दिला तर शोधत बसू नका, ते २०२३ मध्ये काढून टाकलं गेलं.

क्रोमच्या मेनूत सगळ्यांत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं घरच्या मशीनवर दिसत असेल तर कुणीतरी रजिस्ट्रीतून पॉलिसी लादली आहे. काही अँटिव्हायरसही हे करतात. क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर यादी दिसते. एखादं एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवणारी नोंद तिथे असेल तर काढलेलं एक्स्टेन्शन परत का येतं ते कळेल.

एवढ्यानंतरही दुसऱ्या दिवशी आयकॉन उगवला तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं ऑटोरन्स उतरवून घ्या आणि ॲडमिन म्हणून चालवा. स्टार्टअपला जे जे चालतं ते सगळं एका जागी दाखवणारं याहून चांगलं हत्यार माझ्या माहितीत नाही. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे शेकडो ओळींच्या पन्नासेक होतात. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. आधीच्या साफसफाईतला कचरा. गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्याची सही नाही. तिथे थांबून नाव आणि मार्ग वाचा. लॉगऑन, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस हे टॅब आधी. शॉर्टकटमधला चिकटवलेला पत्ता खोडूनही परत येत असेल तर डब्ल्यूएमआय (विंडोजची मशीनवर देखरेख ठेवणारी आतली यंत्रणा) हा टॅब उघडायला विसरू नका. तिथे लपून शॉर्टकट पुन्हा पुन्हा बाटवणारे प्रकार होऊन गेले आहेत, आणि टास्क मॅनेजरमध्ये त्यांचा मागमूस नसतो. संशयित ओळीची खूण काढा, ओळ डिलीट करू नका. खूण काढल्याने काही बिघडलं तर परत लावता येते.

रिसेट करायची वेळ आली तर

मशीनवर क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस असेल तर मी वरची अर्धी कसरत करतच नाही. ॲक्टिव्हेट करण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावणारी फाइल जिथे चालली आहे, तिथे आत आणखी काय शिरलं ते कुणीच सांगू शकत नाही. सरळ कोरं, लायसन्सचं विंडोज घालावं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मशीन ११ ला झेपत असेल तर तेच टाका.

बाकीच्यांसाठी सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'रिसेट धिस पीसी' आहे. त्यातला 'कीप माय फाइल्स' तुमची कागदपत्रं ठेवतो, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात आणि त्यांच्याबरोबर तुम्ही जमवलेले फॉण्टही. म्हणून आधी फॉण्टच्या फाइली पेन ड्राइव्हवर काढून घ्या, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स किंवा डोंगल कुठे आहे ते बघा, प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. क्लाउड डाउनलोडचा पर्याय निवडला तर चार जीबीच्या वर डेटा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर लोकल निवडा. आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात हे काढू नका, पत्रिका छापून होऊ देत.